मुंबईची तिसरी पाळी



दरसाल वसंतात या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, शेती, विज्ञान अशा विषयांवर व्याख्याने होतात आणि आम्ही ती मागच्या रांगेत बसून ऐकत आलो आहोत. यंदा चालकांनी आम्हांलाच पुढे उभे केले. विषय तुमच्या मनाने घ्या म्हणाले. आम्ही ‘मुंबईतील बार, पब आणि नाइटक्लब’ असे कळवले, तेव्हा त्यांच्यापैकी एका जुन्या स्नेह्यांनी विचारले की, अहो, खामगावच्या श्रोत्यांना त्याचे काय? कापसाच्या आणि चांदीच्या या गावाला मुंबईच्या रात्रीशी काय कर्तव्य?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर शेगावच्या किंवा मलकापूरच्या फलाटावर मिळते. रात्रीच्या गाडीने मुंबईला जाणाऱ्या जनरल डब्यात पाहा. पाठीवर एक पिशवी, खिशात गावच्या कोणाचा तरी फोन नंबर आणि वय अठरा-वीस, अशी आपल्या जिल्ह्यातील मुले त्यात असतात. काही बांधकामावर जातात, काही पहारेकरी होतात, आणि बरीचशी हॉटेलांत व बारमध्ये लागतात. घरी ती ‘हॉटेलात आहे’ एवढेच सांगतात. बार हा शब्द आईसमोर उच्चारायचा नसतो.

मुंबईच्या रात्रीविषयी आजवर दोन प्रकारची माणसे बोलत आली आहेत. एक म्हणतात, ही अनीती आहे, बंद करा. दुसरे म्हणतात, हा धंदा आहे, सरकारला महसूल मिळतो, चालू द्या. दोघांचेही बोलणे गिऱ्हाइकाविषयी आणि मालकाविषयी असते. तेथे ताट उचलणाऱ्या, ग्लास धुणाऱ्या, गाणाऱ्या आणि नाचणाऱ्या माणसाविषयी दोघेही बोलत नाहीत. आमचे म्हणणे एवढेच की, रात्रीची मुंबई ही आधी कामाची जागा आहे आणि मग मौजेची. कापडगिरणीत पहिली, दुसरी आणि तिसरी अशा पाळ्या असत. गिरण्या गेल्या, पण तिसरी पाळी गेली नाही. ती बारमध्ये गेली.

आम्ही हे पुस्तकातून सांगत नाही. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते नगरपालिकेच्या वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. परंतु त्याच्याही आधी, १९९० च्या सुमारास, दोन वर्षे आम्ही मुंबईच्या उपनगरातील एका परमिट रूममध्ये काम केले. त्या जागेचे नाव घेण्याचे कारण नाही. तशा शेकडो होत्या. प्रथम मोरीवर भांडी घासली, सहा महिन्यांनी टेबलावर आलो. सकाळी दहाला शटर वर जाई, रात्री एकच्या पुढे खाली येई. शटर खाली आल्यावर टेबले जोडून त्यांवरच अंथरूण. पगार? पगार असा नव्हताच. दोन वेळचे जेवण, झोपायला जागा, आणि टिप. टिपचा एक डबा काउंटरवर असे. त्याची वाटणी आठवड्याने होई आणि वाटणी करणारा कॅप्टन स्वतःचा वाटा आधी काढून ठेवी. ग्लास फुटला तर त्याचे पैसे कापत. गिऱ्हाईक बिल बुडवून पळाले तर ते बिल वेटरच्या नावावर. एका रात्री चार जणांची टोळी चकणा खाऊन आणि अर्धा डझन क्वार्टर रिचवून पळाली, त्याची फेड आम्ही दीड महिना करत होतो.

हे सांगण्यात रडगाणे नाही. तेथे आम्हांला एक गोष्ट कळली, ती पुढे युनियनच्या कामात फार उपयोगी पडली. ज्या धंद्यात मजुरी मालकाऐवजी गिऱ्हाईक देते, त्या धंद्यात कामगार मालकाशी भांडू शकत नाही. भांडणार कशासाठी? मालक म्हणतो, मी तुला दिलेच काय की कमी केले! टिपेवर जगणारा माणूस दारू पिणाऱ्याच्या मर्जीवर जगतो. त्याने हसावे लागते, अपमान गिळावा लागतो. नाचणाऱ्या बाईला जे लागू, ते वेटरलाही लागू. फरक कपड्याचा आहे.

आता ‘परमिट रूम’ हा शब्द घ्या. आपल्या खामगावातही तो पाट्यांवर दिसतो, पण तो आला कोठून हे फार थोड्यांना ठाऊक असते. मुंबई शहरात दारूबंदीचा पहिला प्रयोग १९३९ साली काँग्रेस मंत्रिमंडळाने केला. नंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी झाली. (आपण त्या वेळी मध्य प्रदेशात होतो, मुंबई राज्यात आपली भरती १९५६ ची.) ज्याला वैद्यकीय कारणाने वा अन्य निमित्ताने पिण्याचा परवाना, म्हणजे परमिट असे, त्यालाच पिता येई. बाकीच्यांसाठी हातभट्टी होती. गल्लीबोळांतल्या ‘आंटी’ होत्या, पोलिसांचे हप्ते होते. या दारूबंदीने किती लोकांची दारू सुटली याचा हिशोब कोणी मांडला नाही. किती गुत्तेवाले गबर झाले, हे मात्र गिरणगावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होते. पुढे साठ आणि सत्तरच्या दशकांत परवाने सैल झाले. कायदा मात्र गेला नाही. त्याचे नाव आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा असे झाले आहे. म्हणजे दारूबंदीच्या कायद्याखाली आपण दारू विकतो. हे वाक्य आम्ही अनेक वकिलांना दोनदा वाचून दाखवले आहे. कोणी हसला नाही.

त्या काळात एका वर्गाचे काम गेले, त्याची आठवण कोणी ठेवत नाही. तीस आणि चाळीसच्या दशकांत मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत जाझचे वाद्यवृंद असत आणि त्यांत पुष्कळसे वादक गोव्याचे. दारूबंदीने त्या रात्री ओसरल्या. यांपैकी काही जण चित्रपटाच्या वाद्यवृंदांत गेले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक सी. रामचंद्रांच्या हाताखाली काम करू लागले आणि १९५१ च्या ‘अलबेला’च्या गाण्यांना जो ठेका आला, त्यात या मंडळींचा मोठा हात आहे. ज्यांना चित्रपट सापडला ते तरले. प्रत्येकाला चित्रपट सापडत नाही.

गिरण्यांकडे वळू. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाविषयी या गावात पूर्वी बोलणे झाले आहे. येथे आपल्याला पाहायचे आहे ते जमिनीचे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत असे ठरले होते की, गिरणीची जमीन विकायची तर तिचे तीन भाग पडावेत. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक सरकारी घरबांधणीसाठी आणि एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची, बांधकामाखालची जमीन त्यातून वगळली. गिरणीत मोकळी जमीन असते किती! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ साली मालकांच्या बाजूने निकाल लागला. लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये तर नव्वदच्या दशकाच्या अखेरीसच बोलिंगचा खेळ आणि नाइटक्लब आला होता. ज्या खात्यांत कापूस धागा होत असे, त्या खात्यांत दिवे लागले. तो कापूस काही अंशी आपल्याच वऱ्हाडातला. १८७० पासून जलंबच्या फाट्याने गाठी येथून गेल्या आहेत. गिरणी कामगाराची मुले, ज्यांना बापाच्या जागी बदली कामगार म्हणून लागायचे होते, ती त्याच आवारात दारावरचा पहारेकरी किंवा गाडी लावणारा म्हणून उभी राहिली. आणि काही घरांतल्या मुली नाचगृहांत गेल्या.

येथे आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या आहेत हे आम्हांला दिसते. तरी थांबून ऐका, कारण आमच्या विषयाचे मर्म येथेच आहे.

मुंबई, ठाणे, रायगड भागांत ऐंशीपासून नाचगृहे, म्हणजे डान्सबार, वाढले. २००५ साली त्या वेळचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदीची घोषणा केली, मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती झाली आणि १५ ऑगस्टपासून नाच बंद झाले. आबा सरळ माणूस होते. खेड्यापाड्यांतल्या आयाबहिणींनी त्यांच्याकडे तक्रारी नेल्या होत्या की, जमीन विकून आलेला पैसा पोरे तेथे उधळतात. ती तक्रार खोटी नव्हती. पण कायदा पाहा. एका कलमाने परमिट रूम आणि बियर बारमधला नाच बंद केला, आणि पुढच्याच कलमाने तीन व त्याहून अधिक तारांकित हॉटेले, क्लब, जिमखाने यांना तो मोकळा ठेवला. एकच नाच. पाचशेच्या गिऱ्हाइकासमोर केला तर अनीती, पाच हजारांच्या गिऱ्हाइकासमोर केला तर संस्कृती! उच्च न्यायालयाने २००६ साली ही बंदी अवैध ठरवली, आणि त्यात समानतेचा आणि व्यवसाय-स्वातंत्र्याचा मुद्दा होता. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम केला. सुमारे पंचाहत्तर हजार स्त्रिया बेकार झाल्या आणि त्यांतल्या कित्येकींवर देहविक्रय करण्याची पाळी आली, ही गोष्ट त्या निकालात नमूद आहे.

पंचाहत्तर हजार! खामगावातली सगळी जिन-प्रेस, सगळ्या हमालांच्या टोळ्या, सगळे कारखाने एका सकाळी बंद झाले, तर जेवढी माणसे रस्त्यावर येतील त्यांच्या कितीतरी पट. एखादा मोठा कारखाना बंद करायचा तर मालकाला नोटीस द्यावी लागते, भरपाई द्यावी लागते, सरकारची परवानगी काढावी लागते. यांना नोटीस नव्हती, भरपाई नव्हती, पुनर्वसनाचे बोलणे झाले ते हवेत विरले. कारण कागदोपत्री त्या कामगारच नव्हत्या. मालकाच्या कोणत्याही वहीत त्यांचे नाव नव्हते. गिऱ्हाईक दहा-दहाच्या नोटांची थप्पी काउंटरवरून घेई, ती उधळी, पोऱ्या नोटा गोळा करी, आणि रात्री ‘कलेक्शन’ मोजून मालकाचा वाटा काढून उरलेले तिला मिळे. म्हणजे मजुरी द्यायची सोडाच, मजुरीतून मालकच हिस्सा घेई. आमच्या टिपच्या डब्याचीच ही मोठी आवृत्ती.

आणि तरीही या स्त्रियांनी युनियन काढली होती. वर्षा काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय बारगर्ल्स युनियन उभी राहिली, मोर्चे निघाले, अनेकींनी ओढणीने तोंडे झाकून घोषणा दिल्या, आणि ती युनियन न्यायालयातही गेली. आम्ही तीस वर्षे युनियन चालवत आहोत. तोंड झाकून मोर्चात येणाऱ्या कामगाराची हिंमत उघड्या तोंडाने येणाऱ्यापेक्षा कमी नसते, हे आम्ही कोणालाही सांगू. त्या वेळी आमच्या चळवळीतल्या पुष्कळ मोठ्या माणसांनी त्यांच्या बाजूला उभे राहण्याचे टाळले. ‘हे काही श्रम नव्हेत’ असे म्हणाले.

महाराष्ट्राने हे पूर्वी एकदा पाहिले आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती. पुढे ती उठवली आणि तमाशा सुधारण्यासाठी समिती नेमली. दौलतजादा तेव्हाही डोळ्यांत खुपत होती. पण आज त्याच तमाशाच्या कलावंतांना आपण राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार घेताना पाहतो आणि टाळ्या वाजवतो. कलेचा मान वाढला, ही आनंदाची गोष्ट. फडातल्या बाईच्या म्हातारपणाची सोय किती झाली, ते नारायणगावच्या राहुट्यांत जाऊन विचारा.

न्यायालयाच्या निकालानंतर सरकारने २०१४ मध्ये पुन्हा दुरुस्ती केली, तिला स्थगिती मिळाली. मग २०१६ चा नवा कायदा आला. त्या कायद्याच्या नियमांत एक गोष्ट होती, जी वाचून आम्हां युनियनवाल्यांचे कान टवकारले. नाचणाऱ्या स्त्रीशी लेखी करार करावा, तिला मासिक पगार द्यावा, तो बँकेत जमा करावा आणि भविष्यनिर्वाह निधी द्यावा. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लेखी करार आणि बँकेतला भरणा मान्य केला, परंतु मासिक पगाराची सक्ती काढून टाकली. कारण असे दिले की, पगारी नोकर झाली तर तिला अन्य ठिकाणी कला सादर करता येणार नाही. शाळा आणि देवळांपासून एक किलोमीटर अंतराची अटही गेली. मुंबईत अशी जागा सापडणार कोठे? नोटा उधळणे बंद, टिप देणे मान्य. न्यायालयाचा आदर राखून आम्ही म्हणतो, पगाराच्या बाबतीत आमचे मन निराळे आहे. ज्या कलावंताला चार ठिकाणची बोलावणी आहेत तिला बिदागी परवडते. जिला एकच दार उघडे आहे, तिला महिन्याचा पगारच हवा. पुढे २०२२ साली ऑर्केस्ट्रा बारमधल्या चार स्त्रिया व चार पुरुष या अटीतली विभागणीही न्यायालयाने रद्द केली. एकूण आठ कलावंत, ते कोणीही असोत. हे योग्य झाले. सरकारने बाई मोजायची, तर तिचे तास मोजावेत आणि तिची मजुरी मोजावी.

आता आग. २८ डिसेंबर २०१७ ची मध्यरात्र उलटली आणि लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबला आग लागली. चौदा माणसे गेली, त्यांत अकरा स्त्रिया. कित्येक जण बाहेरची वाट न सापडल्यामुळे स्वच्छतागृहात शिरले आणि तेथेच गुदमरले. ती वाढदिवसाला आलेली तरुण मंडळी होती, म्हणून देशभर हळहळ झाली, आणि व्हायलाच हवी होती. त्यानंतर ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री गोव्यातील हडफडे येथे एका नाइटक्लबला आग लागली. पंचवीस माणसे गेली. त्यांत पर्यटक थोडे. बहुतेक तेथले कामगार, आणि त्यांतले कित्येक तळघरातल्या स्वयंपाकघरात अडकलेले. झारखंडचे, आसामचे, उत्तराखंडचे, नेपाळचे. मालकांची नावे सर्वांना पाठ झाली. आचाऱ्यांची आणि भांडी घासणाऱ्यांची नावे एका दिवसात वर्तमानपत्रातून गेली. त्या तळघरात आपल्या जिल्ह्यातला मुलगा नव्हता हा केवळ योग.

महासाथीच्या वर्षीचा हिशोब सांगून आम्ही पुढे जाऊ. मार्च २०२० मध्ये सगळे बंद झाले. दारूची दुकाने मे महिन्याच्या ४ तारखेपासून उघडू लागली. रांगा आपण पाहिल्याच. बार उघडले ५ ऑक्टोबरला. बाटलीला सहा आठवडे थांबावे लागले, वेटरला सहा महिने.

आपल्या गावातलेही एक उदाहरण आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरांच्या आत दारूविक्रीला बंदी केली आणि १ एप्रिल २०१७ पासून ती लागू झाली. हेतू अपघात टाळण्याचा. त्याला कोण नाही म्हणेल? आपले गाव महामार्गावरचे. त्या एप्रिलमध्ये आमच्या कचेरीत रोज दोन-चार वेटर येऊन बसत. मालकांनी वकील दिले, कोणी रस्त्याची मोजणी वळणाने करून घेतली, कोणी दार मागच्या बाजूला काढले. पोरांना कोणी वकील दिला नाही. शहरी हद्दीला काही महिन्यांनी सवलत मिळाली. तोपर्यंत त्यांतले निम्मे सुरतेला निघून गेले होते.

भगिनींना एक शंका असेल, की हा मनुष्य दारूची वकिली करतो काय? नाही. आम्ही दारूला शिवत नाही, आणि पगाराच्या दिवशी जिनच्या दारात उभ्या असलेल्या बायका आम्ही तीस वर्षे पाहिल्या आहेत. प्रभागातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिले की दुकान बंद होते, हा अधिकार आम्हांला फार मोलाचा वाटतो. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांची दारूबंदी आहे. चंद्रपूरची २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. हा वाद होत राहील आणि व्हावा. परंतु जोवर सरकार परवाना देते, शुल्क घेते आणि मुंबईत मद्याची वेळ रात्री दीडपर्यंत ठेवते, तोवर दीड वाजता शटर ओढणाऱ्याला घरी कसे पोहोचायचे, हे विचारण्याचा आमचा हक्क आहे. शेवटची लोकल निघून गेलेली असते, पहिली पहाटे चारच्या पुढे. मधले तीन तास तो फलाटावर पोलिसाचा दंडुका चुकवत बसतो. २०२० च्या जानेवारीत ‘चोवीस तास मुंबई’चे धोरण जाहीर झाले, तेव्हा गिऱ्हाइकाच्या सोयीवर पानेच्या पाने लिहून आली. या तीन तासांवर आम्ही एक ओळ शोधत होतो.

आणखी एक लबाडी नोंदवतो. मोठ्या पबच्या बिलात ‘सेवाशुल्क’ म्हणून टक्केवारी लावत. हे पैसे नोकरांचे, असे मालक सांगत. ग्राहक प्राधिकरणाने २०२२ मध्ये सक्तीच्या सेवाशुल्काला मनाई केली, मालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई कायम केली. मालकांचा युक्तिवाद होता की, शुल्क गेले तर कामगार उपाशी मरेल. कामगाराची एवढी कळकळ! मग तेच पैसे पदार्थाच्या किमतीत घालून पगार म्हणून द्यावेत, त्याला कोणत्या न्यायालयाने मनाई केली आहे?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्याशी आमचे भांडण मोठे आहे आणि ते दुसऱ्या व्याख्यानाचे काम. पण नेमणूकपत्र सर्व कामगारांना द्यावे लागेल असे सरकारने जाहीर केले आहे, ते आपण धरून बसावे. उलट बाजूने राज्याचे पाहा. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यातून दहापेक्षा कमी कामगारांची जागा बव्हंशी सुटत होती. २०२५ मध्ये ही मर्यादा वीसवर नेण्याचे मंत्रिमंडळाने ठरवले. मध्यम परमिट रूममध्ये कामगार असतात पंधरा-अठरा. म्हणजे ज्याला कायदा हवा, नेमका तोच बाहेर.

वेळ संपत आली आहे. ज्या घरचे मूल मुंबईला, पुण्याला किंवा गोव्याला बारमध्ये अथवा हॉटेलात कामाला आहे, त्यांनी लाजू नये. त्याला फोन करून चार गोष्टी विचाराव्यात: नेमणुकीचा कागद आहे का, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक मिळाला का, स्वयंपाकघराला बाहेर जाणारे दुसरे दार आहे का, आणि त्या दाराला रात्री कुलूप असते का. उत्तरे एका चिठ्ठीवर लिहून आणावीत, जागेचे नाव आणि पत्ता घालून. आमची कचेरी रविवारी सकाळी नऊपासून उघडी असते. नाव गुप्त ठेवू. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचे आम्ही लिहून घेऊ.